पंधरावी उमेदवार

त्या रविवारी युनियनचा सेक्रेटरी सकाळपासून खुशीत होता, आणि खुशीत असला की तो घरातही सभेतल्यासारखा बोलायचा. खुर्च्या पुरतील का, असं बायकोनं विचारलं तर म्हणाला, "या प्रश्नावर सर्व घटकांना विश्वासात घेऊ."

"घटक राहू देत," बायको म्हणाली. "शेजारून दोन खुर्च्या आणा."

तो गेला आणि घेऊन आला. ज्याच्या एका शब्दावर कारखान्याचं गेट बंद पडायचं, त्याला घरात खुर्च्या वाहाव्या लागत. त्याची त्याला सवय होती. बायको शाळेत गणित शिकवायची आणि उत्तर चुकलं की ती लगेच खोडायची.

खुशीला कारणं दोन होती. पहिलं म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीला इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ही मुलगी बापापेक्षा वीतभर उंच झाली तरी घरात तिला बारकीच म्हणत. दुसरं, सोमवारी युनियनच्या प्रशिक्षण केंद्राचं उद्घाटन होतं. कारखान्यानं दरवर्षी शिकाऊ उमेदवार घ्यावेत, त्यांना काम शिकवावं आणि शिकतानाही पगार द्यावा, ही मागणी सेक्रेटरीनं तीन वर्षं लावून धरली होती. 'कसब हीच पदवी' ही घोषणा त्याचीच. ती त्यानं गेटवर दिली, हॉलमध्ये दिली, एकदा तर एका कामगाराच्या लग्नात नवरानवरीला शुभेच्छा देतानाही दिली होती.

या लढ्यात टेबलाच्या पलीकडे बसायचा तो त्याचा सख्खा थोरला भाऊ. थोरला कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर होता. तीन वर्षं दोघे एकमेकांना 'माननीय व्यवस्थापन' आणि 'युनियनचे प्रतिनिधी' म्हणत आले होते. घरगुती कार्याला एकत्र आले की दोघे हवापाण्यावर बोलत, आणि हवापाण्यावरही त्यांचं जमत नसे.

शेवटी कंपनीनं मान तुकवली, पण तुकवताना थोरल्यानं एक कलम घुसवलं: उद्घाटनाच्या दिवशी पंधरा उमेदवार हजर नसतील तर करार रद्द. सेक्रेटरी त्या वेळी हसला होता. पंधरा? कामगारांच्या पोरांची रांग लागेल, म्हणाला. रांग लागली नाही. युनियनच्या कमिटीत सगळ्यांना केंद्र पटलं होतं, पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी. खजिनदाराचा मुलगा परदेशी शिकायला निघाला होता. उपाध्यक्षाच्या मुलाला धूर सोसत नव्हता. सिगारेटचा तेवढा सोसायचा. बाकीच्यांनी "घरात विचारून सांगतो" म्हटलं आणि त्यांच्या घरात अजून विचारणं चालूच होतं. मात्र शुक्रवारी केंद्राच्या शिकवणाऱ्या बाईंनी निरोप दिला होता, 'बॅच भरली, बरोबर पंधरा.' सेक्रेटरीनं सुटकेचा निःश्वास सोडला. नावं विचारायचं काही त्याला सुचलं नाही.

दुपारी सगळे टेबलाभोवती बसले. मध्ये केक होता, त्यावर गुलाबी क्रीमनं 'अभिनंदन इंजिनिअर' लिहिलेलं. टेबलाच्या टोकाला आजोबा. हे दोघा भावांचे वडील. त्याच कारखान्यात जन्मभर लोखंड कातत लेथवर उभे राहिलेले टर्नर. त्या आवाजानं त्यांचे कान गेले होते, म्हणजे सोयीपुरतेच गेले होते. युनियनची पहिली सभा त्यांच्याच खोलीत झाली होती, हे ते आल्यागेल्याला सांगत आणि आलेगेले फारसे परत येत नसत.

बायकोनं बारकीच्या हातात सुरी दिली. बारकीनं ती खाली ठेवली.

"आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी कॉलेजला जाणार नाहीये. उद्यापासून केंद्रात रुजू होतेय. वेल्डिंगला."

"कुठल्या केंद्रात?" सेक्रेटरीनं विचारलं.

"तुमच्या."

त्याला आधी गंमत वाटली. मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहून वाटेनाशी झाली. "अगं, ते केंद्र कामगारांच्या मुलांसाठी आहे."

"मग मी कोणाची?"

सेक्रेटरीनं तोंड उघडलं. तो गेली वीस वर्षं युनियनच्या कचेरीत बसत होता, त्याआधी टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहायचा. हातात हत्यार असं त्यानं कधी धरलंच नव्हतं. पण हे लेकीसमोर बोलायचं कसं? "तसं नाही ते," तो म्हणाला. "हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी?"

"तुम्हीच."

आणि ते खरंच होतं. सहा-सात महिन्यांपूर्वी सरकारी पाहणी समिती केंद्राचा चाचणी वर्ग बघायला येणार होती, आणि वर्गात माणसं कमी होती. सेक्रेटरीनं बारकीला उचलून तिथे नेऊन बसवलं होतं. फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत, एवढाच हेतू. समिती आली, चहा प्यायली, फोटो काढून गेली. बारकी मात्र पुढच्या शनिवारीही गेली, आणि त्याच्याही पुढच्या. सेक्रेटरीला वाटलं होतं की पोरगी आपलं काम पुढे नेतेय. त्यानं दोन भाषणांत तिचा उल्लेखसुद्धा केला होता.

"शक्य नाही," तो म्हणाला. "मी परवानगी देणार नाही."

तेव्हा थोरल्यानं घसा साफ केला. "या बाबतीत," तो म्हणाला, "मी तुझ्या बाबांशी पूर्ण सहमत आहे."

तीन वर्षांत हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं.

"धोक्याचं काम आहे ते," थोरला पुढे म्हणाला. "डोळ्यांना त्रास, हात भाजणं. आम्ही रोज बघतो."

"काका, धोका भत्ता मागितला तेव्हा तुम्हीच म्हणाला होता ना, इतकी साधनं दिल्यावर धोका उरतोच कुठे?"

"तो वाटाघाटीतला मुद्दा होता, बारके. हा घरातला आहे."

"शिवाय पगार काय मिळणार?" सेक्रेटरी म्हणाला. "शिकाऊ उमेदवाराला मिळतं त्यात काय भागतं?"

"सन्मानजनक आहे, असं तुम्ही गेटवर सांगितलंत."

"सुरुवात म्हणून सन्मानजनक," तो म्हणाला.

"बरोबर आहे याचं," थोरला म्हणाला. "सुरुवात म्हणून."

दोघे भाऊ एकमेकांची वाक्यं पुरी करू लागले. एक म्हणाला बाजारात मंदी आहे, दुसऱ्यानं यंत्रमानव येतायत म्हणून जोड दिली. एकानं मुलींना त्या वर्कशॉपमध्ये नीट बसायला जागा नाही म्हटलं, तर ती जागा मागणारा आणि ती नाकारणारा, दोघांनीही मान हलवली. लहानपणी एकाच सायकलवर डबलसीट बसून शाळेत जायचे, तेव्हाच काय तो त्यांचा असा तोल जमला असेल. सेक्रेटरीला मधूनच बरं वाटत होतं. भाऊ म्हणजे भाऊच, असं त्याच्या मनात आलं.

"आजोबा, तुम्ही सांगा," बारकी म्हणाली.

आजोबांना सगळं लख्ख ऐकू आलं होतं. त्यांनी केकवरच्या 'अभिनंदन'मधला 'अ' बोटानं काढून खाल्ला. "मी माझ्या पोरांना शॉपमध्ये पाय टाकू दिला नाही," ते म्हणाले. "यांना कागद धरायला लावला. लोखंडाला या घरातलं कोणी शिवायचं नाही, असं मी ठरवलेलं. ते तू मोडणार?"

चार विरुद्ध एक झालं. बायको अजून बोलली नव्हती, पण तिचं मत उघड होतं. कॉलेजची बातमी तिनं शिक्षकांच्या खोलीत, गल्लीत आणि दुधाच्या दुकानात सांगून झाली होती. तिनं फक्त एकच विचारलं, गणिताच्या बाई विचारतात तसं. "समजा, गेलीस. मग पुढे? जन्मभर तेच?"

"नाही. दोन वर्षं झाली की संध्याकाळच्या कॉलेजात डिप्लोमा, नंतर हवी तर पदवी. फी कंपनी भरणार. करारात आहे."

"कुठल्या करारात?" सेक्रेटरी आणि थोरला एकदमच म्हणाले.

"एकोणिसावं कलम."

सेक्रेटरीला आठवलं. ते कलम त्यानं घातलं होतं ते मागे घेण्यासाठी. वाटाघाटीत ऐन वेळी सोडून द्यायला हातात काहीतरी लागतं, म्हणून एक भलं दांडगं कलम आधीच घालून ठेवायची त्याची पद्धत होती. त्या रात्री कंपनी इतकी थकली होती की नाही म्हणायचं विसरली, आणि तो सोडून द्यायचं विसरला.

"ते आमच्याकडून नजरचुकीनं मान्य झालं," थोरला पडलेल्या आवाजात म्हणाला.

बायकोनं लेकीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. ती मनात कसलीतरी मांडणी करत होती, हे सेक्रेटरीला कळलं आणि त्याला ते आवडलं नाही.

थोरला उठला. "जरा बाहेर येतोस?"

गॅलरीत दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा होती. खाली रस्त्यावर कोणी मोटार धूत होतं. थोरल्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यानं ठेवल्याला कितीतरी वर्षं झाली होती.

"पोरीला आवर," तो म्हणाला. "आणि उद्याची काळजी करू नकोस."

"उद्याची कसली?"

"ती नाही आली तर चौदा होतात ना."

सेक्रेटरीनं कठड्याला धरलं. हा हिशेब त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

"मी बोभाटा करणार नाही," थोरला मायेनं म्हणाला. "करार आपोआप पडेल. तू म्हण, कंपनीनं जाचक अट घातली, कामगारांच्या मुलांच्या तोंडचा घास पळवला. माझं नाव घेऊन बोल, हवं तर. मी एका शब्दानं खंडन करणार नाही. तुझी निवडणूकही जवळ आलीय."

आणि सेक्रेटरीला, खरं सांगायचं तर, मोह झाला. निषेधाचं पत्रक त्याच्या मनात आपोआप तयार होऊ लागलं. पहिला परिच्छेद तर फारच चांगला होता. केंद्र सुरू झालं तर ते चालवावं लागणार. यंत्रं बिघडणार, पोरं तक्रारी करणार, कोणीतरी हिशेब मागणार. सुरू होता होता बंद पडलं तर मात्र त्यावर पुढची दहा वर्षं भाषणं करता येतील. शिवाय लेक कॉलेजात जाईल. सगळंच कसं जमून येत होतं. आणि हे सगळं जमवून देत होता तो थोरला, ज्यानं तीन वर्षांत साधा पंख्याचा मुद्दासुद्धा सुखासुखी सोडला नव्हता.

तिथेच त्याला खटकलं. त्यानं भावाचा हात खांद्यावरून हळूच खाली घेतला.

"तुला केंद्र नको आहे," तो म्हणाला.

"मला बारकीचं भलं हवंय."

"दोन्ही खरं असेल."

"मग अडचण काय?"

सेक्रेटरी आत निघून आला.

आत टेबलावरची बसण्याची व्यवस्था बदलली होती. बायको आपली खुर्ची सोडून बारकीशेजारी बसली होती, आणि दोघींच्या मध्ये केकचा निम्मा भाग संपला होता. "अहो, चार वर्षं फी भरून पदवी," बायको म्हणाली, "की आठ-नऊ वर्षं पगार घेऊन पदवी. मी दोनदा करून पाहिलं. उत्तर हिच्याच बाजूनं येतंय."

"वहिनी, प्रश्न पैशांचा नाही," मागून आलेला थोरला म्हणाला. "प्रश्न प्रतिष्ठेचा आहे. उद्या लोक विचारतील, मुलगी काय करते? हात काळे करणाऱ्याला समाजात विचारतं कोण?"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. आजोबांनी चमचा ताटलीत ठेवला. त्यांचे हात टेबलावर होते. नखांच्या कडांना अजून काळी रेघ होती, निवृत्तीनंतरही न गेलेली.

"मला विचारत नव्हतं कोणी?" आजोबा म्हणाले.

"तुमचं वेगळं होतं, बाबा."

"माझं काय वेगळं? याच हातांनी तुझी फी भरली. तेव्हा बरे वाटले तुला." आजोबांचा आवाज चढला नाही, पण खुर्ची मागे सरकली. "मी तुम्हा दोघांना शॉपपासून लांब ठेवलं. झालं काय? एक कामगारांच्या डोक्यावर बसून खातोय, दुसरा कामगारांच्या नावावर. काम करणारं एक माणूस उरलं नाही घरात. आणि आता एक उठलंय, तर दोघे मिळून तिला खाली बसवताय."

"बाबा, मघाशी तुम्हीच म्हणालात की..." सेक्रेटरी म्हणाला.

"मघाशी मला कमी ऐकू येत होतं." ते बारकीकडे वळले. "मतदान घ्या. ज्यांना पोरीनं जावं असं वाटतं, त्यांनी हात वर करा."

आजोबांचा हात वर गेला, बायकोचा गेला. थोरल्यानं खिडकीबाहेर पाहिलं. जन्मभर हात वर करायला लावणाऱ्या सेक्रेटरीला आपल्या हाताचं काय करावं ते कळेना. "माझी सूचना आहे," तो म्हणाला, "की यावर एक उपसमिती..."

"बाबा," बारकी म्हणाली, "मी मतदान मागितलंच नव्हतं. मी तुम्हाला सांगत होते."

थोरला घरी जायला निघाला. निघताना त्यानं बारकीच्या डोक्यावर हात ठेवला, भावाकडे मात्र पाहिलं नाही. शेजारच्या खुर्च्या सेक्रेटरीनंच परत नेऊन दिल्या.

संध्याकाळी तो लेकीच्या खोलीच्या दारात उभा राहिला. ती कपाटातून जाड सुती शर्ट काढत होती. नायलॉनचा चालत नाही, ठिणगी पडली की अंगाला चिकटतो. हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारल्यावर तिनं सांगितलं.

"का पण?" तो म्हणाला. "भाषणातलं सांगू नकोस. भाषणं माझीच आहेत."

बारकी शर्टची घडी हातात घेऊन बसली. "पहिल्या महिन्यात मी दोन पट्ट्या जोडल्या. वेडावाकडा सांधा होता. बाई म्हणाल्या, बघू टिकतो का, आणि त्या चक्क त्यावर उभ्या राहिल्या. टिकला." ती थोडी हसली. "शाळेत इतकी वर्षं मी काय काय केलं. त्यावर कधी कोणी उभं राहून पाहिलं नाही."

सेक्रेटरीला वाटलं काहीतरी बोलावं. एकही घोषणा सुचली नाही. लहानपणी रोज संध्याकाळी वडील घरी आले की तो त्यांच्याशी ओरडून बोलायचा, आणि तरी त्यांना ऐकू जायचं नाही. आईनं मग त्याला सांगितलं होतं, कानाशी जाऊन बोल. ते त्याला आठवलं.

"कानात काही घालतात का तिथे?" त्यानं विचारलं.

"बोळे घालतात. सक्तीचे आहेत."

"कोणाच्या सक्तीनं?"

"तुमच्याच. सातवं कलम."

"ते मात्र सोडून द्यायला घातलेलं नव्हतं," तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन बसला.

सोमवारी केंद्राला मिळालेल्या जुन्या कँटीनमध्ये गर्दी होती. भिंतींना नवा रंग दिला होता, तरी तळणाचा वास पुरता गेला नव्हता. पुढे पंधरा उमेदवार निळ्या कपड्यांत रांगेत उभे होते, त्यात बारकी सगळ्यांत उंच. थोरल्यानं कंपनीच्या वतीनं डोकी मोजली. एकदा मोजली, मग पुन्हा मोजली, आणि मान्य असल्याची मान हलवली.

सेक्रेटरी माइकपुढे उभा राहिला. सकाळपर्यंत त्यानं ठरवलं होतं की लेकीचा उल्लेख करायचा नाही. पण समोर इतकी माणसं आणि हातात माइक असला की त्याचं स्वतःवर फारसं चालत नसे.

"मित्रहो," तो म्हणाला, "लोक विचारतात, तुम्ही काय दिलंत? मी सांगतो. मी माझी एकुलती एक मुलगी या चळवळीला दिली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बायकोनं कपाळावर हात मारला. बारकी सरळ पुढे बघत होती, तिचे कान लाल झाले होते.

टाळ्या ओसरल्यावर मागून एका कामगारानं शांतपणे विचारलं, "आणि खजिनदारांनी काय दिलं?" हशा पिकला. दुसऱ्यानं उपाध्यक्षांची चौकशी केली. व्यासपीठावरची माणसं एकाएकी आपापले बूट न्याहाळू लागली. पुढच्या बॅचसाठी कमिटीतल्या तीन घरांतली मुलं आली, त्याची सुरुवात इथे झाली. पण त्या क्षणी सेक्रेटरीला एवढंच कळलं की कमिटीतलं कोणी आता महिनाभर आपल्याशी बोलणार नाही.

भाषणं संपल्यावर पाहुण्यांना वर्कशॉप दाखवायचं होतं. शिकवणाऱ्या बाई बुटक्या आणि आवाजानं खणखणीत होत्या. सेक्रेटरी सवयीनं सगळ्यांच्या पुढे निघाला, तसं त्यांनी हात आडवा केला.

"पिवळ्या रेघेच्या मागे, साहेब."

"मी सेक्रेटरी आहे."

"हो. रेघेच्या मागे."

तो मागे सरकला. तिथे थोरला आधीच उभा होता, त्याच्या शेजारी आजोबा. बारकीनं तोंडावर मुखवटा ओढला आणि जमिनीवर पाय रोवून उभी राहिली. बाई म्हणाल्या, उघड्या डोळ्यांनी बघू नका, काच घ्या. पाहुण्यांच्या काळ्या काचा मंत्रालयातून आलेल्या लोकांना वाटण्यातच संपल्या होत्या. या तिघांत एकच आली.

निळा प्रकाश फुटला. तिघांनी माना वळवल्या. थोरल्याच्या हातात काच होती; त्यानं ती डोळ्यांपुढे धरली, बराच वेळ धरली, आणि मग धाकट्याच्या हातात दिली.

काचेतून कारखाना नाहीसा झाला होता. माणसं, रेघ, भिंतीवरची घोषणा, काही दिसत नव्हतं. काळोखात हिरवा ठिपका होता आणि त्याच्यामागे एक हात, सावकाश पुढे सरकणारा. हात थरथरत नव्हता. "सरळ चाललीय का रे?" सेक्रेटरीनं भावाला विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" थोरला म्हणाला.

"मलाही नाही."

आजोबांनी दोघांच्या मधून हात घातला आणि काच काढून घेतली. ती डोळ्याला लावून ते रेघेच्या अगदी कडेला जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं थोरल्यानं मागितली, मग सेक्रेटरीनं मागितली, जरा मोठ्यानं. म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही.